सोलापुरात बसून इतिहासातली रहस्यकथा लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात इतिहास शिकवते आणि रहस्यकथा लिहिते. लिहू पाहणारी मुलं, निवृत्त झालेले शिक्षक, कधी एखादा वकील भेटतो, आणि फिरून फिरून तेच प्रश्न विचारतो. तोंडी उत्तर देताना निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं.

इतिहास आणि रहस्यकथा यांचं नातं नेमकं काय?

दोघांच्याही हाती घटना लागत नाही, घटनेचा माग तेवढा लागतो. फौजदार पोचतो तेव्हा खून होऊन गेलेला असतो. इतिहासाचा अभ्यासक पोचतो तेव्हा दीडशे वर्षं होऊन गेलेली असतात. उरतो तो कागद, डाग, मोडलेलं कुलूप, कुणाची तरी आठवण, आणि त्यातलं प्रत्येक काहीतरी लपवतं.

आर. जी. कॉलिंगवुड या इंग्रज तत्त्वज्ञाचं इतिहासविचारावरचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९४६ साली निघालं. इतिहासाची पद्धत समजावण्यासाठी त्यांनी त्यात चक्क एका खुनाची गोष्ट रचली आहे. खून झालेल्याचं नाव जॉन डो. एक जण येऊन खोटा कबुलीजबाब देतो, दुसरा खोटी साक्ष देतो. इन्स्पेक्टर त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही आणि ते फेकूनही देत नाही. हा माणूस आत्ता, माझ्यासमोर, हे का सांगतोय, असा प्रश्न तो स्वतःला विचारतो. इतिहास शिकताना सगळ्यात उशिरा कळणारी गोष्ट ही, आणि रहस्यकथा लिहिणाऱ्याला ती पहिल्याच पानावर लागते.

आपल्याकडे याला साजेसा शब्द आहे, पंचनामा. चांगला पंचनामा कधी वाचला नसेल तर जरूर वाचा. ‘दक्षिणेस तोंड करून दरवाजा, दरवाज्याची कडी आतून लावलेली, उंबऱ्यापासून दोन हातांवर पितळी तांब्या आडवा पडलेला.’ मत नाही, हळहळ नाही, तर्क नाही. दिसलं ते आणि दिसलं तेवढंच. मी विद्यार्थ्यांना इतिहासाचं साधन वाचायला शिकवते तेव्हा आधी वर्गखोलीचा पंचनामा लिहायला लावते. निम्मी मुलं पहिल्याच वाक्यात मत घालतात.

मग फरक कुठे येतो?

शेवटाला. अभ्यासक ‘पुरावा इथे संपतो’ म्हणून थांबू शकतो, आणि कित्येकदा त्याने थांबायलाच हवं. रहस्यकथेला ती सवलत नाही. वाचक दोनशे पानं तुमच्यासोबत चालला, त्याला खुनी कळला पाहिजे. पुरावा संपला तिथून पुढे कल्पना सुरू होते, आणि ती कुणाच्या गळ्यात घालायची हा प्रश्नही तिथेच उभा राहतो. खालची बरीचशी उत्तरं याच प्रश्नाभोवती फिरतात.

१९३० च्या मार्शल लॉवर रहस्यकथा लिहू का?

सोलापुरात हा प्रश्न येणारच, आणि मी तो टाळत नाही.

जे नक्की आहे ते आधी मांडू. ५ मे १९३० रोजी मध्यरात्रीनंतर गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटून उठलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीवर जमाव गेला, दोन पोलीस मारले गेले, कोर्टाची इमारत जळाली. १२ मे रोजी मार्शल लॉ लागला आणि तो ३० जूनपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास दिवस चालला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांच्यावर खटला झाला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. चार हुतात्मा पुतळ्यापाशी आपण रोज गाडी वळवतो, ते हेच चौघे.

ही मांडणी रहस्यकथेच्या लेखकाला खुणावते, हे मला कळतं. बेभान जमाव, दोन मृत्यू, घाईचा खटला, चार फाशा. आता ‘खरा मारेकरी कोण’ हे उलगडणारी कादंबरी लिहायची. माझं मत स्पष्ट आहे: लिहू नका. त्या खटल्यातल्या साक्षी, जबाब, निकाल यांचा अभ्यास करायचा असेल तर तो इतिहास म्हणून करा, कागद दाखवून करा. कल्पनेतून एक मारेकरी उभा करून तो मंगळवार पेठेच्या चौकीत नेऊन सोडलात, तर तुम्ही कुणाच्या तरी आजोबांवर आरोप ठेवता, आणि त्याला उत्तर द्यायला ते आजोबा नसतात. फाशी गेलेल्यांची बाजू घ्यायची म्हणून लिहिलंत तरी हेच होतं. त्यांचं निरपराधपण तुमच्या रचलेल्या पुराव्यावर उभं राहिलं, तर उद्या कुणीही उठून म्हणेल की ते सगळं गोष्टीतलंच होतं.

पण त्या पन्नास दिवसांत घडलेली, पूर्णपणे तुमची अशी गोष्ट जरूर लिहा. रस्त्यावर लष्कर आहे. बोळाच्या तोंडाशी पहारा आहे. अशात एका वाड्यात एक सावकार मरून पडतो. फिर्याद द्यायला जायचं कुठे? चौकी जळलेली. डॉक्टरला बोलवायला रात्री बाहेर पडणाऱ्याला हटकणार कोण? तपास करणाऱ्याच्या मनात भीती कुणाची, खुन्याची की स्वतःच्या वरिष्ठांची? इथे इतिहास मागे टांगलेला पडदा राहत नाही, तपासाच्या वाटेत आडवा येतो. ऐतिहासिक रहस्यकथा मला अशी लागते.

खऱ्या व्यक्ती कथेत आणू नयेत, असं म्हणायचं आहे का?

आणा, पण त्यांच्या नोंदलेल्या जागी. कलेक्टर कचेरीतून जाताना दिसू द्या, सभेत बोलू द्या, वर्तमानपत्रात त्यांचं नाव येऊ द्या. खून, व्यभिचार, लाचखोरी, फितुरी असं काही कागदावर नसताना त्यांच्या माथी मारू नका. खुनी, बळी आणि तपास करणारा हे तिघे नेहमी काल्पनिक ठेवायचे, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती ‘मोचनगड’ १८७१ मध्ये पुरी झाली, म्हणजे हा प्रश्न आपल्या भाषेत दीडशे वर्षं जुना आहे.

कोणता काळ घ्यावा?

ज्या काळात तुमच्या खुन्याला पळायला आणि तपास करणाऱ्याला अडायला चांगलं कारण मिळतं, तो घ्या. सोलापूरकरांना यासाठी लांब जायला नको. १९४८ पर्यंत आपण सरहद्दीवर राहत होतो, हे आजच्या पिढीच्या ध्यानातच नाही. हैदराबाद रस्त्याने तासाभरात आपण नळदुर्गला पोचतो. तेव्हा ते निजामाच्या राज्यात होतं. अक्कलकोट वेगळं संस्थान होतं. इकडे चालणारा रुपया कलदार, तिकडे हाली शिक्का. इकडचे पोलीस वेगळे, तिकडचे वेगळे. सोलापुरात खून करून पहाटेपर्यंत सरहद्द ओलांडली की फौजदार थांबला, पुढे कागदी घोडे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा सोलापूरकडून याच रस्त्याने नळदुर्गकडे गेल्या आणि ती सरहद्द पुसली गेली. त्याच्या आदल्या महिन्यात घडणाऱ्या गोष्टीत पळून गेलेल्या माणसाला ठाऊक नसतं की त्याची सुरक्षित जागा आता थोड्याच दिवसांची आहे. वाचकाला ठाऊक असतं. असा ताण रचून आणता येत नाही, तो काळच देतो.

त्याहून मागे जायचं असेल तर आपला भुईकोट आहे. सोळाव्या शतकात विजापूर आणि अहमदनगरच्या घराण्यांत सोलापूरचा किल्ला हुंड्यात द्यायचा ठरला, दिला गेला नाही, आणि त्यावरून लढाया झाल्या. अख्खा किल्ला हुंड्यात! वैराचं कारण शोधणाऱ्या लेखकाने आणखी काय मागावं?

पोलीसच नव्हते त्या काळात तपास कोण करणार?

गोतसभा (म्हणजे गावाची न्यायसभा), पाटील, देशमुख, काजी, कोतवाल. मला स्वतःला गोतसभेची कथा फार दिवस लिहायची आहे, आणि तिचं कारण महजर.

पाटीलकी किंवा कुलकर्णाच्या वतनाचा तंटा उभा राहिला की गाव जमायचं, साक्षी व्हायच्या आणि निवाड्याचा कागद तयार व्हायचा, तो महजर. त्याच्या खाली ज्यांना लिहिता येत नव्हतं ते आपापल्या हत्याराची निशाणी काढायचे. पाटलाचा नांगर. सुताराचं किंकरं. न्हाव्याचा आरसा. परटाची मोगरी. असा कागद समोर ठेवला की वाटतं, अख्खं गाव ओळीने उभं राहून आपल्याकडे पाहतंय. आता कल्पना करा, सगळ्या निशाण्या जागेवर आहेत आणि एकाच बलुतेदाराची नाही. तो त्या दिवशी गावात नव्हता? की होता, आणि निशाणी करायला नाही म्हणाला? की कागदच त्याच्या मरणानंतर तयार झाला?

वतनासाठी बनावट कागद खरोखर केले जात. म्हणजे हेतूही तयार आहे, हत्यारही. आणि साक्षीपुराव्याने निकाल लागेना तर दिव्य करायला लावत: तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा आणि हात बांधून ठेवायचा, मग जखमेवरून खरं-खोटं ठरवायचं. त्या बांधलेल्या हाताची राखण करणाऱ्या माणसावर एक सबंध कथा उभी राहते.

बनावट कागद कथेत पकडायचा कसा?

तारखेवरून. जुन्या मोडी कागदांत पुष्कळदा शुहूर सन असतो आणि आकडे अरबी शब्दांत. ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, हजार, शुहूर १०७५. हे वर्ष मृगाला बदलतं. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ चा, म्हणजे याच शुहूर सनातला. बनावट करणारा पन्नास वर्षांनी मागची तारीख घालायला बसला की मृगाच्या अलीकडे-पलीकडे चुकतो, किंवा तिथी आणि वार जुळत नाहीत. जंत्री काढून बसलेला एखादा अबोल कारकून तुमचा नायक होऊ शकतो. मोडी शिकायलाच हवी असं नाही, पण दोन महिने दिलेत तर छापील पुस्तकात न सापडणारं पुष्कळ काही हाती लागेल.

ठशांचा, रक्ताचा पुरावा केव्हापासून दाखवता येतो?

बोटांच्या ठशांची जगातली पहिली कचेरी १८९७ साली कलकत्त्यात निघाली. लंडनला नव्हे, कलकत्त्याला. ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. पुढच्याच वर्षी जलपायगुडीच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनात, त्याच्या बंगाली पंचांगावर उमटलेल्या तपकिरी अंगठ्यावरून जुना नोकर सापडला. न्यायालयाने त्याला चोरीची शिक्षा दिली, खुनाची नाही. अंगठा तिथे होता एवढंच ठशाने सिद्ध केलं, सुरी कुणी चालवली ते नाही. ठसा जुळला की लगेच कबुली देणारा खुनी रंगवण्याआधी हे लक्षात ठेवा. १८९९ मध्ये पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ठसेतज्ज्ञाचं मत ग्राह्य धरलं जाऊ लागलं.

रक्त माणसाचं की जनावराचं, हे ओळखण्याची खात्रीची चाचणी १९०१ ची. म्हणजे १८९० च्या कथेत धोतरावरच्या डागाबद्दल आरोपी ‘बोकड कापलं होतं’ म्हणाला, तर त्याला खोटं पाडायला रसायनाचा आधार नाही. तपास करणाऱ्याला त्या दिवशी बोकड कुणी कापलं, मटण कुणाकडे गेलं, कातडं कुठे विकलं, हे शोधत गल्लीभर हिंडावं लागेल. कथेसाठी हे जास्त चांगलं. सोमलाची विषबाधा मात्र १८३६ पासून प्रयोगशाळेत ओळखता येत होती. डीएनए १९८४ नंतरचा.

कलमांचंही तसंच. दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली, त्याआधी ‘तीनशे दोन’ म्हणणारा फौजदार असूच शकत नाही. आणि १ जुलै २०२४ पासून घडलेल्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं, तीनशे दोन नाही.

वेळेचा घोळ कथेत किती महत्त्वाचा?

यात मी स्वतः पोळले आहे. पंधराएक वर्षांपूर्वी माझी एक कथा दिवाळी अंकात आली. काळ डिसेंबर १९४३, जागा गिरणीचं गेट. संध्याकाळी साडेसहाला अंधाराचा फायदा घेऊन खुनी गेटमधून निसटतो, सगळा उलगडा त्या अंधारावर. महिन्याभराने एक वृद्ध गृहस्थ घरी आले. त्यांचं लहानपण गिरणीच्या चाळीत गेलेलं. चहा घेतला, कथेची तारीफ केली, आणि मग म्हणाले, “ताई, पण साडेसहाला अंधार कसा हो? लढाईचा टाइम होता ना. उजेड असायचा की.”

मी शोधलं. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, दुसऱ्या महायुद्धामुळे, भारतातली घड्याळं तासभर पुढे होती. डिसेंबरच्या सुरुवातीला सोलापुरात सूर्य सहाला दहा कमी असताना मावळतो; तेव्हाच्या घड्याळात ते सातला दहा कमी. म्हणजे माझा खुनी लख्ख उजेडात, शेकडो कामगारांसमोरून चालत गेला होता. सगळी कथा कोसळली. त्या आजोबांनी ती नुसत्या आठवणीवर पाडली. त्या दिवसापासून कथेचा आराखडा मी आधी म्हाताऱ्या माणसांना सांगते, मग लिहायला बसते.

याआधीचा काळ तर आणखी गुंत्याचा. रेल्वे सोलापुरात १८६० साली आली. पुढे बरीच वर्षं रेल्वेची घड्याळं मद्रासच्या वेळेवर चालत. सूर्याप्रमाणे पाहिलं तर सोलापूर मद्रासच्या सतरा-अठरा मिनिटं मागे. स्टेशनात गाडी सुटायची वेळ एक, आणि गावातल्या सावलीच्या हिशेबाची दुसरी. १९०५-०६ मध्ये आजची भारतीय प्रमाणवेळ आली, आणि ती सोलापूरच्या सूर्याहून सुमारे सव्वीस मिनिटं पुढे आहे. मुंबई शहराने तर आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. ‘खून झाला तेव्हा मी स्टेशनात होतो’ असं म्हणणारा आरोपी आणि ‘दुपार टळली तेव्हा मी त्याला पेठेत पाहिलं’ असं म्हणणारी साक्षीदार, दोघेही खरं बोलत असू शकतात. तुमच्या कथेतला भोंगा कोणत्या घड्याळावर वाजतो, ते लिहायला बसण्याआधी ठरवा.

जुन्या पोलिसी नोंदींवर किती भरवसा ठेवायचा?

हे उत्तर लांबेल, कारण इथे चूक झाली तर ती माणसांना लागते.

नळदुर्गलाच पुढे अधिकारी म्हणून राहिलेल्या फिलिप मेडोज टेलर याने १८३९ मध्ये एका ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपात इंग्रजी कादंबरी लिहिली. ती इंग्लंडात प्रचंड खपली. तिच्यामागे माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या होत्या. आता विचार करा, माफीचा साक्षीदार कुणासमोर बोलतो? ज्याच्या हाती फासाचा दोर आहे त्याच्यासमोर. तो जेवढी नावं सांगेल, जेवढी भयंकर टोळी उभी करेल, तेवढा त्याचा जीव स्वस्थ. अशा जबान्यांतून उभं राहिलेलं ‘ठगांचं जग’ किती खरं आणि किती विचारणाऱ्याच्या मनातलं, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. पण कादंबरीने ते जग पक्कं करून टाकलं.

गुन्हा रक्तातून येतो, घराण्याने चालतो, हीच समजूत पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उतरली. अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेल्या. त्याचं रूप आपल्या शहराने डोळ्यांनी पाहिलंय. सोलापूरची सेटलमेंट: तारेचं कुंपण, रोजची हजेरी, बाहेर जायला परवाना, आणि त्याच कुंपणातून माणसं गिरणीत कामाला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. त्या वस्त्यांना आपण अजूनही ‘सेटलमेंट’ म्हणतो, आणि तिथली मुलं माझ्या वर्गात बसतात.

म्हणून १९२० च्या कागदात एखाद्या चोरीखाली अमुक जमातीच्या माणसाचं नाव दिसलं, तर तो पुरावा त्या चोरीचा नाही. पोलीस आधी कुणाच्या दाराशी जात, त्याचा तो पुरावा आहे. रहस्यकथेच्या लेखकाने इथे कॉलिंगवुडच्या इन्स्पेक्टरसारखं विचारायला हवं: हा कागद हे का सांगतोय? ‘संशयित’ म्हणून कथेत त्या जमातीचा माणूस आणायचा आणि अखेरीस ‘तो नव्हताच’ म्हणून सोडून द्यायचा, ही जुनी खेळी मला पटत नाही, कारण दोनशे पानं वाचकाने त्याच्याकडे संशयानेच पाहिलेलं असतं. त्यालाच तपास करणारा का करू नये? रात्रीच्या हजेरीच्या वेळी कोण कुठे होतं, हे अख्ख्या शहरात पक्कं सांगता येईल असा तो एकटाच.

पात्रांची भाषा जुनी ठेवावी का?

थोडी. ‘मजकुराचे’, ‘सांप्रत’, ‘जाहले’ पानोपानी पेरलं की वाचक थकतो. चार शब्द काळाचे असू द्या, बाकी वाक्य आपलं.

सोलापुरात खरा प्रश्न काळाहून पेठेचा असतो. पूर्व भागात तेलुगू, पेठेत कन्नड, शेजारी दखनी, आणि सगळ्यांच्या तोंडी “काय करालाव बे” असं सोलापुरी मराठी. समजा साक्षीदार सांगतो, मरणाऱ्याने शेवटी “अक्का” अशी हाक मारली. बाहेरगावचा अधिकारी ताबडतोब तेलुगू विणकराच्या घराकडे धावेल. आपला हवालदार जागचा हलणार नाही. त्याला माहीत असतं की इथे अक्का कन्नड घरात असते, तेलुगू घरात असते आणि मराठी घरातही असते. परक्याला जो दुवा वाटतो तो गावकऱ्याला दुवाच वाटत नाही. अशा जागा जमवून ठेवा.

पैसे, वजनं, पदनामं?

हे पटकन. १ एप्रिल १९५७ च्या आधी रुपयाचे सोळा आणे, त्यानंतर शंभर नवे पैसे. शेर-मण जाऊन किलो त्याच सुमारास आले. सोलापूरला महानगरपालिका १९६४ ची, त्याआधी नगरपालिका.

साधनं कुठे मिळतील?

सोलापूर जिल्ह्याचं १८८४ चं इंग्रजी गॅझेटियर आधी वाचा. पिकं, रस्ते, बाजार, जत्रा, जाती, तुरुंग सगळं आहे, मात्र साहेबाच्या नजरेने. मग १९७७ चं. पेशवेकालीन कागदांसाठी पुण्याचं पुराभिलेखागार आणि भारत इतिहास संशोधक मंडळ, इंग्रजी अमदानीसाठी मुंबईचं पुराभिलेखागार. शहरात हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसा. आणि घरातल्या ट्रंका उघडा. आजीचं बिडी कारखान्याचं पासबुक, आजोबांची गिरणीची पगारचिठ्ठी, जमिनीच्या दाव्यातली निकालाची नक्कल: एका पगारचिठ्ठीवरून मला एका पात्राचं सबंध वर्ष लिहिता आलं, कारण तिच्यावर खाड्यांचे दिवस होते.

कथेतून खऱ्या इतिहासाचा उलगडा होऊ शकतो का?

प्रश्न जागा होऊ शकतो. १९५१ मध्ये जोसेफीन टे या लेखिकेची एक इंग्रजी रहस्यकादंबरी आली. तिच्यात दवाखान्यात पडून असलेला पोलीस अधिकारी इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाने आपल्या पुतण्यांना मारलं का, याचा शोध पुस्तकांतून घेतो. ती वाचून कित्येक लोक पंधराव्या शतकाचे कागद पाहायला लागले. तिचा निष्कर्ष मात्र इतिहासकारांनी आपोआप स्वीकारला नाही, आणि ते बरोबरच आहे. तुमच्या कादंबरीला शेवटी एक पान जोडा आणि काय खरं, काय रचलेलं ते सरळ सांगा. वाचकाचा त्यावर हक्क आहे.

सुरुवात कशापासून करू?

एका वस्तूपासून. माझ्याकडे नवीन कुणी आलं की मी घरातली जुनी सोलापुरी चादर अंगणात उन्हात पसरते.

ही जॅकार्डवर विणतात. मागाच्या माथ्यावर भोकं पाडलेल्या जाड पुठ्ठ्यांची माळ असते. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक. कोणते उभे धागे वर उचलायचे ते त्यातली भोकं ठरवतात. सगळे पुठ्ठे फिरून आले की नक्षी पुरी, आणि पुन्हा पहिल्यापासून. आता एका पुठ्ठ्यात एक भोक चुकून जास्त पडलं, तर मोराच्या पिसात एक धागा नको तिथे वर येतो. आणि तो एकदाच येत नाही. नक्षी जितक्या वेळा फिरून येईल तितक्या वेळा, त्याच पिसात, त्याच जागी. त्या मागावरच्या त्या दिवसांतल्या प्रत्येक चादरीवर तोच दोष. मग कुणाच्या तरी लक्षात येतं, पुठ्ठा बदलतात, आणि दोष नाहीसा होतो.

म्हणजे त्या दोषाला जन्मतारीख आहे आणि मृत्यूची तारीखही. प्रेतावर टाकलेल्या चादरीत तो असेल, तर ती कोणत्या मागावरची आणि कोणत्या दिवसांतली, हे विणकर बोट ठेवून सांगेल. सहा महिन्यांपूर्वी लग्नात आहेर म्हणून आलेली चादर आहे, असं सांगणारा घरमालक मग अडकतो, कारण तो पुठ्ठा लागलाच मुळी गेल्या महिन्यात.

आमच्या घरच्या चादरीत असा एक धागा आहे, दर ओळीत उजव्या काठापासून चौथ्या मोराच्या शेपटीत. आलेल्या माणसाला मी तो दाखवत नाही, शोधायला लावते. सापडला की विचारते, आता सांगा, पुठ्ठ्यातलं हे भोक कुणी पाडलं, आणि त्या दिवशी त्याचं लक्ष कुठे होतं?